खणाचा बटवा कितीला द्यायचा? घरून शिवून विकणाऱ्यांसाठी किमतीचा आणि विक्रीचा हिशेब

घरी शिवलेली वस्तू कुणाच्या हातात दिली की पहिला प्रश्न येतो, "कितीला?" नव्याने सुरुवात केलेल्या बहुतेक जणी त्या क्षणी समोरच्या बाईच्या चेहऱ्याकडे बघतात आणि तिला जड वाटणार नाही असा आकडा सांगून मोकळ्या होतात. तो आकडा पुढे वर्षभर चिकटून राहतो. कापड महागतं, गोंडे महागतात, पाठ दुखते, आणि वर्षाच्या शेवटी लक्षात येतं की ऑर्डरी भरपूर झाल्या पण हातात काही उरलं नाही.

म्हणून माझं पहिलं सांगणं हे, की किंमत वस्तू तयार झाल्यावर ठरवायची नसते. ती कापडाला कात्री लावायच्या आधी, वहीत, पेन्सिलीने ठरवायची असते. आकडा जमत नसेल तर वस्तू बदलता येते, मापं बदलता येतात, सामान बदलता येतं. शंभर नग शिवून झाल्यावर यातलं काहीच करता येत नाही.

उदाहरणाला मी खणाचा नाडीचा बटवा घेते. शिवायला सोपा, पोस्टाने पाठवायला हलका, आणि संक्रांतीपासून लग्नसराईपर्यंत मागणी असलेला. तोरण, क्रोशाचे रुमाल, कापडी पिशव्या, कागदी आकाशकंदील यांनाही हीच रीत लागू होते. आकडे हिशेब दाखवण्यासाठी घेतले आहेत. भाव गावागणिक आणि मोसमागणिक बदलतात, तेव्हा तुमच्या बिलावरचे आकडे घालून पुन्हा मांडा.

सामानाचा खर्च: पन्ह्यापासून सुरुवात

बटव्याचा कापलेला तुकडा ९ बाय ११ इंच धरू. एका बटव्याला बाहेरून दोन तुकडे आणि आतून अस्तराचे दोन. कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, ३६ इंच असेल तर आडवे ४ तुकडे बसतात. मीटर म्हणजे साधारण ३९ इंच, त्यात उभे ३ बसतात. एकूण १२ तुकडे, म्हणजे मीटरमागे ६ बटवे, आणि खाली सहा इंचांची पट्टी उरते. ती पट्टी टाकू नका, पुढे तिचा उपयोग आहे.

इथे एक गोष्ट नीट बघायची. खणाच्या नक्षीला दिशा असते. तुकडा आडवा फिरवून कापड वाचवायला गेलात तर एका बाजूची नक्षी उभी आणि दुसऱ्या बाजूची आडवी येते. गिऱ्हाईक बटवा उलटसुलट करून बघतंच, आणि तिथेच त्याचा विचार बदलतो. नक्षी उभी ठेवूनच किती तुकडे निघतात ते मोजा.

पन्हाही दुकानात स्वतः मोजून घ्या. हातमागाच्या खणाचा पन्हा बहुधा लहान असतो. तो ३१ इंच निघाला तर आडवे ३ च तुकडे बसतात, मीटरमधून ९ तुकडे, म्हणजे साडेचार बटवे. मीटरचा भाव तोच राहिला तरी एका बटव्याचं कापड ३० रुपयांवरून ४० वर जातं. ही दहा रुपयांची गळती मीटरचा भाव विचारून कळत नाही, फक्त पन्हा मोजल्यावर कळते.

आता एका बटव्याचं सामान मांडू:

खण, १८० रुपये मीटर, मीटरमध्ये ६ बटवे: ३० रुपये
अस्तर, ६० रुपये मीटर: १० रुपये
नाडी, दोन नाड्या मिळून १.२ मीटर, १० रुपये मीटरप्रमाणे: १२ रुपये
गोंडे, दोन: १० रुपये
दोरा आणि लेबल: ५ रुपये
कागदी पाकीट आणि टॅग: ६ रुपये

बेरीज ७३. त्यात वाया जाणारं कापड, बिघडलेला एखादा नग, रंग न जुळल्यामुळे पडून राहिलेले गोंडे यांच्यासाठी ७ रुपये घाला. झाले ८०.

अस्तर सुती असेल तर कापण्याआधी पाण्यातून काढून, वाळवून, इस्त्री करून घ्या. नाहीतर पहिल्याच धुण्यात अस्तर आटतं आणि बटव्याला आतून चुण्या पडतात. खणाचाही एक तुकडा ओला करून पांढऱ्या फडक्यावर घासून बघा. गडद लाल आणि गडद हिरव्या रंगांची ही परीक्षा चुकवू नये.

सामान कुठून घ्यायचं हे गावावर अवलंबून आहे. पुण्यात रविवार पेठ आणि बोहरी आळीत लेस, मणी, गोंडे ठोक भावात मिळतात. मुंबईत कापडाला मंगळदास मार्केट, लेस-गोंड्यांना भुलेश्वर. खणाचं जुनं माहेरघर म्हणजे कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातलं गुळेदगुड्ड. कुठेही घ्या, पण पहिल्या खेपेला पूर्ण ताका, म्हणजे कापडाचा अख्खा गठ्ठा, उचलू नका. ठोकात मीटरमागे वीस रुपये वाचतात खरे, पण न चालणाऱ्या रंगाचा ताका कपाटात पडला की ते वाचलेले वीस रुपये परत मिळत नाहीत. तीन-चार रंग दोन-दोन मीटर घ्या, कोणता आधी संपतो ते बघा, मग त्या रंगाचा ताका आणा.

वेळेचे पैसे

हा भाग सगळ्यात जास्त वगळला जातो. "घरीच तर असते, रिकाम्या वेळात शिवते, त्याचे कसले पैसे?" असं बायका स्वतःच म्हणतात. मला हे ऐकून फार वाईट वाटतं. उद्या ऑर्डर वाढली आणि शेजारच्या मुलीला मदतीला बोलावलं तर तिला पैसे द्यावेच लागतील. ते किमतीत आधीपासून धरलेले नसतील तर तुम्हाला मदतनीस कधीच ठेवता येणार नाही आणि काम तुमच्या दोन हातांपाशीच थांबेल.

एक बटवा शिवून वेळ मोजू नका, दहांचा गठ्ठा घेऊन मोजा. कटिंगला ४० मिनिटं. टिपा मारायला अडीच तास. उलटवून कोपरे काढून इस्त्रीला ४० मिनिटं. नाडी ओवून गोंडे लावायला ५० मिनिटं. धागे कापून पाकिटात भरायला २० मिनिटं. एकूण पाच तास, म्हणजे बटव्यामागे अर्धा तास. नवख्या हाताला हाच गठ्ठा आठ तास घेईल. तो जास्तीचा वेळ शिकण्याचा आहे, तो गिऱ्हाइकावर टाकता येत नाही, म्हणून हात बसल्यानंतरचा वेळ धरा.

ताशी मजुरी किती धरायची? तुमच्या गावात शिवणकामाला मदतनीस ठेवायची झाली तर जे द्यावं लागेल ते. मी इथे ८० रुपये धरते. अर्ध्या तासाचे झाले ४०.

वरखर्च

बाजारात जायचं बसभाडं ३००, मोबाइलच्या रिचार्जमधला धंद्याचा वाटा २५०, मशीनचं तेल-सुया-दुरुस्ती २००, वीज १५०, नमुन्याचे नग आणि किरकोळ ३००. महिन्याचे १२००. महिन्याला ६० बटवे होत असतील तर प्रत्येकावर २० रुपये. वीसच होत असतील तर मात्र ६० रुपये पडतात, आणि इतक्या कमी कामावर धंदा का टिकत नाही ते यावरून समजतं. सुरुवातीला तीन-चार महिन्यांची सरासरी धरा.

८० सामान, ४० मजुरी, २० वरखर्च. एक बटवा तुम्हाला १४० रुपयांना पडला, ही त्याची पडती किंमत. यात अजून एक रुपयाही नफा नाही.

नफा, आणि दोन किमती

१४० वर २५ टक्के नफा म्हणजे ३५. झाले १७५. ही तुमची ठोक किंमत. पुष्कळ जणी इथेच थांबतात आणि १७५ ला विकायला लागतात. पुढे एखादा दुकानदार म्हणतो, "ताई, माल छान आहे, ठेवतो आमच्याकडे, किती टक्के सोडाल?" तेव्हा सोडायला काही शिल्लकच नसतं.

म्हणून वस्तूला पहिल्या दिवसापासून दोन किमती हव्यात. दुकानदाराला द्यायची ठोक आणि गिऱ्हाइकाला सांगायची किरकोळ. भेटवस्तूंची दुकानं साधारण विक्रीच्या किमतीवर ३० ते ४० टक्के मागतात. इथे "कशावर टक्के" हे नीट समजून घ्या, कारण याच ठिकाणी फसगत होते. १७५ वर ४० टक्के चढवले तर २४५ होतात. पण दुकानदाराला २४५ च्या ४० टक्के हवे आहेत, म्हणजे ९८. तुमच्या हातात उरतात १४७, म्हणजे पडत्या किमतीहून जेमतेम सात रुपये जास्त. बरोबर रीत अशी: दुकानदाराचे ४० टक्के गेले की तुमचे ६० उरतात, म्हणून ठोक किमतीला ०.६ ने भागा. १७५ भागिले ०.६ म्हणजे सुमारे २९२. आकडा सरळ करून ३०० ठेवा. दुकानदाराचे १२०, तुमचे १८०.

घरून विकताना ३०० चे ३०० तुमच्याकडे येतात म्हणून ते वरचे १२० फुकटचे समजू नका. फोटो काढणं, पन्नास मेसेजना उत्तरं देणं, कुरिअरच्या रांगेत उभं राहणं ही दुकानदाराची कामं तेव्हा तुम्ही करत असता. त्यांची ती मजुरी.

आणि किरकोळ भाव सगळीकडे एकच ठेवा. दुकानात ३०० आणि तुमच्या घरी २२० असेल तर दुकानदाराला हे कळायला आठवडा लागत नाही. तो तुमचा माल परत करतो, आणि त्याचं काही चुकत नाही.

सूट देण्याआधी सूट कुठून जाते ते बघा. १८० च्या ठोक भावात तुमचा नफा ४० आहे. दुकानदाराने "दहा टक्के कमी करा" म्हटलं की १८ गेले, उरले २२. दहा टक्क्यांच्या सुटीत जवळजवळ निम्मा नफा गेला. प्रदर्शनात गिऱ्हाइकाला काही द्यावंसं वाटलं तर "दोन घेतले तर ५५०" म्हणा. त्यात तुमचाही एक नग जास्त जातो. नातेवाईक आणि मैत्रिणींना भेट द्यायची असेल तर मोकळ्या मनाने फुकट द्या, पण अर्ध्या भावात विकू नका. भेटीची आठवण राहते. अर्ध्या भावाची मात्र बातमी होते, आणि पुढची प्रत्येक जण तोच भाव मागते.

३०० रुपये कुणी देईल का?

हा प्रश्न रास्त आहे. तुळशीबागेत कारखान्यातून आलेल्या पोटल्या याच्या निम्म्याहून कमी किमतीत टांगलेल्या दिसतील. त्यांच्याशी किमतीत बरोबरी करायला जाऊ नका, ते गणित घरच्या मशीनवर बसत नाही. त्या पोटल्यांमध्ये काय नाही ते शोधा. बायका बटवा हातात घेऊन पहिली गोष्ट करतात ती म्हणजे त्यात स्वतःचा फोन घालून बघतात. फोन आत गेला आणि नाडी वरून नीट बंद झाली की अर्धी विक्री झाली. ८ इंच रुंदीच्या बटव्यात आजचे मोठे फोन बसतात, ७ इंचांत ओढाताण होते. आत चिल्लरसाठी लहान खिसा दिला तर दहा मिनिटं आणि चार रुपयांचं कापड जातं, पण बाई तो खिसा शेजारणीला उघडून दाखवते. साडीच्या उरलेल्या ब्लाउजपीसमधून जुळता बटवा शिवून देणं ही तर कारखान्याला न जमणारी गोष्ट. अशा कामाचे ५०-७५ रुपये जास्त सांगायला लाजू नका.

तरीही तुमच्या भागात २५० च्या वर कुणी जातच नसेल तर हिशेब मागे न्या. गोंडे विकत घेण्याऐवजी कात्रणांचे करा, नाडी त्याच कापडाची शिवा, माप थोडं लहान करा. प्रत्येक बदलानंतर सगळा हिशेब पुन्हा मांडा, कारण शिवलेल्या नाडीने १२ रुपये वाचले तरी दहा मिनिटं जास्त गेली तर १३ रुपयांची मजुरी लागली. मजुरीच्या ओळीवर काट मारून भाव उतरवणं हा उपाय नाही.

वाणाची ऑर्डर: भाव उतरवू नका, वस्तू बदला

संक्रांत ते रथसप्तमी हळदीकुंकवाचा मोसम. खणाच्या कामाला वर्षातली सगळ्यात मोठी मागणी याच दिवसांत असते. पण वाण लुटणारी बाई पन्नास-शंभर नग घेते आणि तिचं बजेट नगामागे ५०-६० रुपयांचं असतं. ती तुमचा ३०० चा बटवा बघते, आवडतो, आणि म्हणते, "शंभर घेते, ६० ला लावा."

त्या क्षणी बटव्याचा भाव खाली आणू नका. ६० रुपयांत बसेल अशी दुसरी वस्तू पुढे करा. मघाची सहा इंचांची पट्टी आठवा. तिच्यातून ५ बाय ६ इंचांचे सात तुकडे निघतात, म्हणजे टिचबटणाची तीन छोटी पाकिटं. चिल्लर, कानातले, लोकलचा पास ठेवायला. दहा-वीस नग हवे असतील तर ती या उरलेल्या कापडातून होतात आणि कापडाचा खर्च शून्य येतो.

शंभरांची ऑर्डर मात्र उरलेल्या पट्ट्यांवर भागत नाही, नवं कापड लागतं. तेव्हा हिशेबही नव्या कापडाचा धरायचा. मीटरमध्ये ५ बाय ६ चे ४२ तुकडे, म्हणजे २१ पाकिटं. खण ९ रुपये, अस्तर ३, टिचबटण ३, दोरा १, पाकीट २, वाया जाणारं २, मिळून २०. गठ्ठ्याने शिवताना एकाला १२ मिनिटं, म्हणजे १६ रुपये मजुरी. वरखर्च ६. पडली ४२ ला. ५० हा ठोक भाव, पन्नास नगांच्या वरच्या ऑर्डरीला ५५ सांगा, सुट्या नगाला ८०. बाईचं बजेट सांभाळलं गेलं आणि तुमच्या बटव्याचा भावही राहिला.

ऑर्डर घेण्याआधी तासही मोजा. १०० पाकिटं गुणिले १२ मिनिटं म्हणजे २० तास. घरचं सगळं आवरून रोज तीन तास मिळत असतील तर पूर्ण आठवडा. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आलेली शंभरांची ऑर्डर संक्रांतीला पोचणार नाही, रथसप्तमीपर्यंत चालेल का ते विचारून घ्या. वाणाचे नमुने मार्गशीर्षातच ओळखीच्या ग्रुपवर टाका. त्या महिन्यात गुरुवारच्या पूजेच्या निमित्ताने बायका एकमेकींकडे जातातच, नमुना हातोहात फिरतो.

निम्मे पैसे आधी घ्या. सामान त्यातूनच येतं. नाव भरतकाम करून हवं असेल, खास रंग हवा असेल तर निम्मे नाही, सामानाचे पूर्ण आणि मजुरीचे निम्मे घ्या, कारण "सौ. वैशाली" असं भरलेला बटवा दुसऱ्या कुणाला विकता येत नाही. रंग, संख्या, तारीख, मिळालेली रक्कम एका मेसेजमध्ये लिहून पाठवा आणि समोरून "हो" आल्यावरच कापड कापा.

प्रदर्शनात स्टॉल

स्टॉलचं भाडं बघून घाबरायचं किंवा हुरळायचं कारण नाही, भागाकार करायचा. दोन दिवसांचं भाडं ३०००, रिक्षा-टेम्पो ६००, खाणं आणि किरकोळ ४००. झाले ४०००. तुमचे दोन दिवसांचे १६ तास, ८० ने १२८०. एकूण ५२८०. ३०० ला विकलेल्या बटव्यातून पडती किंमत १४० वजा केली की १६० उरतात. ५२८० भागिले १६० म्हणजे ३३. चौतिसाव्या बटव्यापासून खरी कमाई सुरू. तिथे ३३ बटवे जातील का हे आदल्या वर्षी तिथे बसलेल्या बाईला विचारा. आयोजकाला विचारू नका, तो भाडं घेणारा आहे.

सुरुवात सोसायटीतल्या, शाळेतल्या, ज्ञातीच्या हॉलमधल्या लहान प्रदर्शनांपासून करा. पुण्याची भीमथडी जत्रा किंवा मुंबईत भरणारं महालक्ष्मी सरस यांसारख्या मोठ्या ठिकाणी माल खूप लागतो आणि निवडही होते. सरसमध्ये ग्रामीण बचत गट 'उमेद', म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या वाटेने जातात, तेव्हा गटात असाल तर तुमच्या तालुक्याच्या उमेद कक्षात चौकशी करा.

टेबलावर सगळा माल ओतू नका. रंगाप्रमाणे रांग लावा, एक बटवा भरून, फोन आत घालून, उभा ठेवा. प्रत्येक नगावर किंमत लिहिलेली असू द्या. किंमत विचारायला संकोचणारी पुष्कळ माणसं न विचारताच पुढे जातात. सुटे पैसे आणि यूपीआयचा क्यूआर दोन्ही ठेवा. पैसे आले की नाही हे स्वतःच्या फोनवर बघा, समोरच्याच्या स्क्रीनशॉटवर माल देऊ नका. आणि पैसे मिळवण्यासाठी कधीच पिन टाकावा लागत नाही. कुणी "रिक्वेस्ट पाठवली आहे, पिन टाका म्हणजे पैसे येतील" म्हणालं की फोन ठेवून द्या.

दुकानात माल ठेवणं

दोन रीती आहेत. दुकानदार ठोक भावाने माल विकत घेतो आणि पैसे देतो, ही एक. माल तुमचाच, विकला गेला की पैसे, ही दुसरी, तिला कन्साइनमेंट म्हणतात. नवीन असताना दुसरीच वाट्याला येते. ती वाईट नाही, पण तिथे तुमचा माल आणि तुमचा पैसा दोन्ही दुसऱ्याच्या ताब्यात असतात. म्हणून पहिल्या खेपेला १०-१२ नगच द्या. दोन प्रतींत चलन, म्हणजे दिलेल्या मालाची पावती, करा: किती नग, कोणते रंग, ठोक भाव किती, हिशेब महिन्याच्या कोणत्या तारखेला, मळलेला किंवा हरवलेला नग कुणाच्या खात्यावर. दुकानदाराची सही घ्या. ठरलेल्या तारखेला स्वतः जा, नग मोजा, पैसे घ्या, मगच नवा माल ठेवा. मागचा हिशेब बाकी असताना नवा माल देण्यानेच उधारी वाढते. दोनदा तारीख टळली की शांतपणे माल उचलून आणा.

फोनवरून विक्री

खणाच्या कापडाला चमक असते, ट्यूबलाइटखाली फोटोत ती पांढरी पडते आणि रंग फसवा दिसतो. सकाळी खिडकीजवळ, थेट ऊन न घेता, पांढऱ्या किंवा लाकडी पृष्ठभागावर फोटो काढा. एक पूर्ण बटव्याचा, एक आतल्या अस्तराचा, एक हातात धरलेला म्हणजे माप कळतं. फोटोखाली माप इंचांत, किंमत, आणि पाठवायला लागणारे दिवस लिहा. व्हॉट्सॲप बिझनेसवर कॅटलॉग फुकट करता येतो. "किंमत इनबॉक्समध्ये" असं लिहू नका.

कुरिअरचा खर्च वस्तूच्या किमतीत लपवू नका, वेगळा सांगा. बटवे सपाट जातात म्हणून प्रश्न येत नाही. पण तोरण किंवा आकाशकंदील विकत असाल तर कुरिअर कंपन्या खोक्याच्या आकाराचंही वजन लावतात हे लक्षात ठेवा. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून साधारणपणे ५००० ने भागतात. ४० बाय ३० बाय २५ चं खोकं आत पाव किलोचा कंदील असला तरी ६ किलोचं मोजलं जाऊ शकतं. म्हणून घडी होणारा कंदील बनवा.

परदेशातली महाराष्ट्र मंडळं गणपती आणि दिवाळीसाठी असा माल मागवतात. तिथे पार्सलचा खर्च बटव्याहून जास्त होतो, तेव्हा एकेक नग पाठवण्यापेक्षा मंडळातल्या चार-पाच जणींची एकत्र ऑर्डर घ्या.

मालाचं वर्णन खरं करा. यंत्रमागावरच्या कापडाला हातमाग म्हणू नका, पैठणीसारख्या काठाला पैठणी म्हणू नका. पैठणी आणि गुळेदगुड्डचा खण या दोन्ही नावांना भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे ती नावं ठरावीक भागातल्या मालालाच लावता येतात, त्यामागे विणकरांची पोटं आहेत. "खणाच्या नक्षीचं यंत्रमागावरचं कापड" असं स्पष्ट लिहिल्याने गिऱ्हाईक तुटत नाही. खरा हातमाग वापरत असाल तर ते ठळक सांगा आणि त्याचे पैसे घ्या.

कागदपत्रं

पहिल्या दिवशी फक्त दोन गोष्टी लागतात: धंद्यासाठी वेगळं बचत खातं आणि एक वही. घरखर्च आणि धंद्याचे पैसे एकाच खात्यात असतील तर नफा कधीच दिसत नाही.

काम रुळलं की उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, करा. ती आधारवर, सरकारी संकेतस्थळावर, पूर्ण मोफत होते. पैसे मागणारी तशीच दिसणारी संकेतस्थळं आहेत, त्यांना टाळा. जीएसटीचं म्हणाल तर महाराष्ट्रात किंवा गोव्यात राज्यातल्या राज्यात फक्त वस्तू विकत असाल तर वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या वर गेल्याशिवाय साधारणपणे नोंदणी लागत नाही. राज्याबाहेर माल पाठवताना नियम कडक होतो. सरकारी यादीतल्या हस्तकला-वस्तूंना २० लाखांपर्यंत सवलत आहे, त्यासाठी पॅन लागतं. तुमची वस्तू त्या यादीत बसते का ते करसल्लागाराकडून एकदा बघून घ्या. ऑनलाइन बाजारपेठांवर राज्यातल्या राज्यात विकणाऱ्या लहान विक्रेत्यांना १ ऑक्टोबर २०२३ पासून जीएसटी नोंदणीऐवजी नावनोंदणी क्रमांकावर विक्री करता येते. त्या बाजारपेठांचं कमिशनही आपल्या ४० टक्क्यांच्या आत बसतंय ना ते तपासा.

भाव वाढवणं

वर्षातून दोनदा, एकदा गौरी-गणपतीच्या आधी आणि एकदा दिवाळीनंतर, सगळा हिशेब नव्या बिलांवर पुन्हा मांडा. सामान आणि मजुरी वाढून पडती किंमत १४० वरून १५५ झाली असेल तर २५ टक्क्यांनी ठोक भाव १९४ आणि किरकोळ ३२५ येतो. तो लावा. मोसमाच्या मध्यावर भाव बदलू नका, आधी दिलेला शब्द जुन्या भावाने पाळा. दुकानदारांना महिनाभर आधी कळवा म्हणजे ते त्यांचे टॅग बदलतील. जुन्या गिऱ्हाइकांना साधा मेसेज पुरतो: "कापड आणि गोंड्यांचे भाव वाढल्यामुळे १ तारखेपासून बटवा ३२५ ला असेल. त्याआधीच्या ऑर्डरी ३०० नेच." बरीच जण त्या मेसेजवरच ऑर्डर देतात, तेव्हा तो पाठवण्याआधी कापड आणून ठेवा.